श्वासाची खुंटी

पुढच्या दोन सीटांच्या मधल्या पट्टीवर, चालकाचा हात सहज पोचेल अशा ठिकाणी, एक छोटी गोल खुंटी आहे. जुन्या ट्रान्झिस्टरचा आवाज वाढवायला असायची तेवढीच. ती कमीकडे ठेवली तर गाडी निमूटपणे ऑफिसला जाते आणि संध्याकाळी घरी येते. जास्तीकडे पूर्ण पिळली तरी बाहेरून काही बदलत नाही. तेच चार दरवाजे, मागे मुलांना बसायला तीच ऐसपैस जागा, डिकीत मावणाऱ्या त्याच बॅगा. पण आता हीच गाडी जर्मनीतल्या मोकळ्या ऑटोबानवर ताशी २९० किलोमीटरपर्यंत जाऊ शकते.

तिचं नाव अल्पिना बी१० बाय-टर्बो. बीएमडब्ल्यूची त्या काळातली ५-सीरीज सेडान, म्हणजे वाहनवेड्यांच्या भाषेतली ई३४, घेऊन ती बव्हेरियातल्या बुखलोए नावाच्या गावात घडवली जायची. १९८९ ते १९९४ या काळात अशा अवघ्या ५०७ गाड्या झाल्या. मूळ बीएमडब्ल्यू ५३५आय २११ अश्वशक्तीची. बुखलोएतून ती बाहेर पडायची तेव्हा ३६० अश्वशक्तीची झालेली असायची. इंजिन तेच, आकारमान तेच. सहा सिलिंडर, मिळून ३.४ लिटर.

मला या गाडीने वेड लावलं ते तिच्या वेगामुळे कमी आणि त्या खुंटीमुळे जास्त. तंबोऱ्याची खुंटी पिळली की तारेचा ताण बदलतो आणि त्यातून स्वर बदलतो, हे आपण पाहिलेलं असतं. गाडीतली ही खुंटी नेमकं काय पिळते? तिच्यामागे जायचं तर आधी हवेचा हिशेब मांडावा लागतो.

माणूस स्वस्थ बसलेला असताना एका श्वासात साधारण अर्धा लिटर हवा आत घेतो. मिनिटाला पंधरा श्वास धरले तर दिवसाकाठी दहा-अकरा हजार लिटर होतात. आता हे इंजिन घ्या. चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांमागे एकदा श्वास घेतं. मिनिटाला ६००० फेऱ्या असतील तर ३००० श्वास. त्याला ३.४ लिटरने गुणा: दहा हजार लिटरांच्या वर. आपल्याला अख्खा दिवस पुरणारी हवा हे यंत्र एका मिनिटात ओढतं. आणि हे फक्त वातावरणाच्या दाबाने आपोआप आत शिरणाऱ्या हवेचं गणित झालं. टर्बो अजून कामाला लागलेलाच नाही.

एवढी हवा कशासाठी? एक किलो पेट्रोल नीट जळायला १४.७ किलो हवा लागते. लिटरमध्ये बोलायचं तर एका लिटर पेट्रोलमागे सुमारे नऊ हजार लिटर हवा, एखादी छोटी खोली भरेल इतकी. गाडीची ताकद वाढवायची म्हणजे जास्त पेट्रोल जाळायचं, हे कुणालाही कळतं. पण पेट्रोल वाढवणं सोपं असतं. पंप मोठा लावला की झालं. अडतं ते हवेपाशी. सिलिंडर भरलं की भरलं, आणखी हवा आणायची कुठून? मोठं इंजिन बसवा, किंवा त्याच इंजिनाला जास्त वेगाने फिरवा, हे दोन रस्ते जुने. तिसरा रस्ता म्हणजे त्याच जागेत हवा दाबून कोंबणं.

तो रस्ता आल्फ्रेड ब्युखी या स्विस इंजिनिअरने दाखवला. १९०५ मध्ये त्याने ज्याचं पेटंट घेतलं ती कल्पना आजही ऐकताना मला थक्क करते. इंजिनातून जो तापलेला धूर बाहेर पडतो, त्यात पेट्रोलच्या एकूण ऊर्जेचा मोठा वाटा तसाच वाया जात असतो. त्या धुराच्या वाटेत एक छोटं पंख्याचं चक्र ठेवायचं. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरं चक्र, जे बाहेरची ताजी हवा ओढून इंजिनात कोंबेल. लोहाराचा भाता हलवायला कुणीतरी बसावं लागतं. इथे भट्टीतून निघणारा धूरच भाता हलवतो. आग जितकी मोठी तितका भाता जोरात, आणि भाता जितका जोरात तितकी आग मोठी. खंबाटकीच्या घाटात चढणाऱ्या भरल्या ट्रकमधून जी बारीक शीळ ऐकू येते, ती याच चक्राची. मिनिटाला लाखभर फेरे घेत ते फिरत असतं.

आग आणि भाता यांनी एकमेकांना असं वाढवत न्यायचं म्हटलं तर कुठेतरी अडवायला हवं, नाहीतर इंजिन फुटेल. त्यासाठी धुराच्या वाटेत एक झडप असते. दाब ठरलेल्या मर्यादेला पोचला की ती उघडते आणि जास्तीचा धूर चक्राला न शिवता बाजूने निघून जातो. धरण भरलं की सांडव्याची दारं उचलतात, अगदी तसंच. आणि आपली खुंटी पिळते ती हीच मर्यादा. एका टोकाला हवेचा वाढीव दाब ०.४ बार, म्हणजे वातावरणाच्या दाबावर आणखी चाळीस टक्के. दुसऱ्या टोकाला ०.८ बार. धरणात पाणी किती साठू द्यायचं हे गाडी चालवणारा माणूस आपल्या बोटांनी ठरवतो. बहुतेक गाड्यांत ही गोष्ट कारखान्यात एकदा ठरते आणि बॉनेटखाली कायमची बंद होते. बुखलोएच्या माणसांनी ती चालकाच्या हाती दिली. १९७८ च्या त्यांच्या बी७ टर्बोपासून त्यांची ही रीत होती.

हवा दाबली की तापते. सायकलच्या पंपाने भराभर हवा भरताना नळीचा तळ हाताला चटका देतो, तो अनुभव सगळ्यांना असेल. वातावरणाच्या १.८ पट दाबापर्यंत हवा नेली तर ती शंभर अंश सेल्सिअसच्या आसपास तापते. तापलेली हवा फुगते, म्हणजे कोंबण्याचा निम्मा उद्देशच फसला. म्हणून ती आधी एका जाळीदार डब्यातून, इंटरकूलरमधून, फिरवून थंड करतात आणि मग इंजिनात सोडतात. तरी एक धोका उरतोच. सिलिंडरमध्ये पिस्टन ही हवा आणखी दाबतो. ठिणगीने लावलेली आग पोचायच्या आतच उरलेलं मिश्रण कुठेतरी स्वतःहून पेटलं तर पिस्टनवर हातोड्याचा घाव बसल्यासारखा आवाज येतो. गॅरेजमध्ये याला ‘नॉकिंग’ म्हणतात, आणि ते चालू राहिलं तर पिस्टनला भोक पडायला वेळ लागत नाही. अल्पिनाने यावर दोन उपाय केले. पिस्टन बदलून घडीव, जास्त सहनशील असे माले कंपनीचे घातले आणि सिलिंडरमध्ये हवा दाबली जाण्याचं प्रमाण मूळच्या सुमारे ९ पटींवरून ७.२ पटींवर उतरवलं. एका हाताने दाब वाढवायचा तर दुसऱ्या हाताने थोडा सोडायचा. जेवढं वाढवलं तेवढंच जपणं चाललेलं असतं.

इथे जरा मागे जायला हवं. १९७३ मध्ये बीएमडब्ल्यूने २००२ टर्बो नावाची छोटी दोन दरवाजांची गाडी काढली होती. दोन लिटरचं इंजिन, १७० अश्वशक्ती. पुढच्या स्पॉयलरवर ‘टर्बो’ हा शब्द उलट्या अक्षरांत रंगवलेला, पुढच्या गाडीवाल्याला आरशात सुलटा दिसावा म्हणून. नेमकं त्याच वर्षी तेलाचं जागतिक संकट आलं आणि १६७२ गाड्यांनंतर ती थांबली. तिची आणखी एक अडचण होती. अॅक्सिलरेटर दाबला की आधी काहीच व्हायचं नाही. चक्र जड, त्याला वेग धरायला वेळ लागायचा. मग एकाएकी सगळी ताकद अंगावर कोसळायची, आणि तोवर वळण आलेलं असायचं. या उशिराला टर्बो लॅग म्हणतात. टर्बो गाडीवर काम करणाऱ्या प्रत्येक इंजिनिअरच्या उशाशी हा प्रश्न असतो.

बी१० मध्ये त्यावर दोन टर्बो हा उपाय आहे. नाव बाय-टर्बो ते म्हणूनच. एका मोठ्या चक्राऐवजी गॅरेट कंपनीची दोन लहान चक्रं. यामागचं भौतिकशास्त्र मला फार आवडतं. एकाच घडणीचं चक्र व्यासाने निम्मं केलं तर त्याला गती देताना जाणवणारा जडपणा निम्मा होत नाही, चौथाईही होत नाही. तो तब्बल ३२ पटींनी उतरतो. लहान चक्राला तेच काम करायला जास्त फेरे घ्यावे लागतात, त्यामुळे हा सगळा फायदा पदरात पडत नाही. पण जो पडतो तोही पायाला स्पष्ट जाणवतो.

दुसरी गोष्ट त्याहून सुंदर आहे. सहा सिलिंडरपैकी पुढची तीन एका टर्बोला जोडलेली, मागची तीन दुसऱ्याला. या इंजिनात सिलिंडर पेटण्याचा क्रम १-५-३-६-२-४ असा आहे. नीट पाहा: पुढचं, मागचं, पुढचं, मागचं, पुढचं, मागचं. दायां-बायां. प्रत्येक टर्बोला आळीपाळीने, अगदी समान अंतराने धुराचा झोत मिळतो. एका सिलिंडरचा धूर दुसऱ्याच्या वाटेत आडवा येत नाही. सहा मात्रांचं एक आवर्तन म्हणजे दादराच की. फरक इतकाच की ६००० फेऱ्यांना सेकंदाला अशी ५० आवर्तनं होतात. सेकंदाला ३०० ठोके झाले की कानाला ते ठोके म्हणून ऐकू येतच नाहीत, त्यांचा अखंड सूर होतो. हार्मोनियमवर शोधलात तर तो मधल्या सप्तकातल्या पांढरी दोनच्या किंचित वर सापडेल.

ओळीत उभ्या सहा सिलिंडरच्या इंजिनाची मोहिनी मुळात तोलात आहे. पहिला पिस्टन वर जातो तेव्हा सहावाही त्याच्याबरोबर वर जातो, दुसऱ्याबरोबर पाचवा, तिसऱ्याबरोबर चौथा. आरशात पाहिल्यासारखी जोडी. एकाच्या हालचालीने निर्माण होणारा धक्का बाकीचे नेमका खाऊन टाकतात. चार सिलिंडरच्या इंजिनात एक बारीक थरथर उरते, ती घालवायला काही वेळा वेगळे दांडे फिरवत ठेवावे लागतात. सहात असलं काही लागत नाही. बीएमडब्ल्यूचं हे इंजिन एम३० या नावाने ओळखलं जातं. १९६८ मध्ये ते पहिल्यांदा गाडीत बसलं; आलेक्स फॉन फाल्केनहाउझेन हे तेव्हाचे इंजिनप्रमुख. म्हणजे अल्पिनाने त्यावर दोन टर्बो चढवले तेव्हा ते २१ वर्षांचं झालेलं होतं. बीएमडब्ल्यूकडे त्याच वेळी आपल्या वेगवान एम५ सेडानसाठीचं आधुनिक, २४ व्हॉल्व्हचं इंजिन होतं. अल्पिनाने घेतलं ते जुनं, १२ व्हॉल्व्हचं, बिडाच्या ब्लॉकचं. मला हा निर्णय फार शहाणपणाचा वाटतो. नव्या इंजिनाची कर्तबगारी वरच्या फेऱ्यांत होती. टर्बोला हवा होता तो दाब निमूट सोसणारा, जाड हाडाचा गडी.

हे असं निवडून घेण्याची नजर बुखलोएत आली कुठून? अल्पिना हे नाव आधी टाइपरायटरवर होतं. बुर्कार्ड बोव्हेनझीपेन यांच्या वडिलांचा काउफबॉयरेनला ऑफिसातली यंत्रं बनवण्याचा कारखाना होता, त्याचं ते नाव. मुलाचं मन गाड्यांत. साठच्या दशकात बीएमडब्ल्यूने १५०० हे मॉडेल काढलं आणि लवकरच त्याहून ताकदवान १८०० आणलं. आधी १५०० घेतलेले लोक मागे पडले. बोव्हेनझीपेन यांनी त्यांच्यासाठी वेबर कार्ब्युरेटरची जोडी तयार केली. ती बसवली की जुनी गाडी नव्या गाडीच्या बरोबरीने धावायची. बीएमडब्ल्यूने हे काम तपासलं आणि एवढं पसंत केलं की अशा गाड्यांवरची आपली वॉरंटी तशीच चालू ठेवली. बाहेरच्या माणसाने इंजिनाला हात लावायचा आणि कंपनीने त्याची जबाबदारी घ्यायची, हे मोटारींच्या जगात फार दुर्मीळ. १९६५ मध्ये अल्पिना ही मोटारींची स्वतंत्र कंपनी झाली. तिच्या चिन्हात आजही एका बाजूला कार्ब्युरेटर आणि दुसऱ्या बाजूला क्रँकशाफ्ट आहे: श्वास घेणारा एक, फिरणारा एक.

शर्यतीही त्यांनी गाजवल्या. १९७३ ची न्युर्बुर्गरिंगची २४ तासांची शर्यत अल्पिनाच्या बीएमडब्ल्यू कूपेने जिंकली, निकी लाउडा आणि हान्स-पीटर यॉइस्टेन चालक होते. लाउडा पुढे तीनदा फॉर्म्युला वनचा विश्वविजेता झाला. १९८३ मध्ये जर्मन सरकारच्या मोटार खात्याने अल्पिनाला स्वतंत्र उत्पादक म्हणून मान्यता दिली. तेव्हापासून कागदोपत्री ही गाडी ‘बदल केलेली बीएमडब्ल्यू’ राहिली नाही, अल्पिनाच झाली. बोव्हेनझीपेन यांना वाइनचाही तितकाच नाद होता. बुखलोएत गाड्यांच्या जोडीला त्यांचा वाइनचा व्यापारही उभा राहिला. मला यात विसंगती दिसत नाही. दोन्हीकडे घाई चालत नाही. २०२३ मध्ये ते गेले, त्याच्या आधीच्या वर्षी अल्पिना हे नाव बीएमडब्ल्यूकडे सोपवायचं ठरलं होतं.

आता गाडीत बसू या. स्टिअरिंग डावीकडे. चाकावरच्या कातड्याला निळ्या-हिरव्या धाग्याची शिवण. अंगाला दोन्ही बाजूंनी धरून ठेवणारी सीट. समोर डॅशबोर्डवर एक छोटी पट्टी, तिच्यावर ही ५०७ पैकी कितवी गाडी तो आकडा. किल्ली फिरवली की इंजिन मिनिटाला साधारण ८०० फेऱ्यांवर स्थिरावतं, म्हणजे सेकंदाला ४० ठोके. गुरगुर नाही, धमकावणं नाही. दोन टर्बोंची चक्रं धुराच्या वाटेत बसून आवाजाच्या कडा घासून टाकतात, त्यामुळे ती मूळच्या ५३५आयपेक्षाही मवाळ वाटू शकते. क्लच दाबायचा, गेट्राग कंपनीचा पाच गिअरांचा दांडा पहिल्यात टाकायचा आणि निघायचं. गावातून जाताना हिच्यात असं काही विशेष आहे हे कुणाला सांगूनही पटणार नाही.

गाव संपतं, रस्ता मोकळा होतो. चौथा गिअर, इंजिन दोन हजारांच्या आसपास. इथे पाय खाली न्या. पहिला क्षण जुन्या, मोठ्या, सभ्य सहा सिलिंडरचा असतो. गाडी पुढे सरकते, इतकंच. पण त्या क्षणात बॉनेटखाली बरंच घडतं आहे. हवेच्या वाटेतली झडप उघडली, हवा वाढली, संगणकाने त्या हवेला पुरेल एवढं पेट्रोल सोडलं, आग मोठी झाली, धूर वाढला, चक्रांनी वेग धरला. हा सगळा प्रवास व्हायला वेळ लागतो, सेकंदाचा काही हिस्सा, आणि तो चालकाला कळतो. मग खाडीत भरती शिरते तसं काहीतरी होतं. लाट फुटत नाही. पाणीच वर येतं आणि होडीला उचलून घेतं. फेऱ्यांचा काटा अडीच हजार, तीन हजार असा चढतो, तसतसा पाठीवरचा दाब वाढत राहतो. चार हजारांवर ५२० न्यूटन-मीटरचा पूर्ण जोर मिळतो. त्या काळच्या बीएमडब्ल्यू एम५ चा जोर ३६० होता, तोही आणखी वरच्या फेऱ्यांना. एम५ ला पळवायचं तर गिअर खाली आणा, इंजिन ओरडू द्या, हाताने सतत काम करा. या गाडीत गिअर तोच ठेवून फक्त पाय खाली न्यायचा. ट्रकच्या मागे अडकलेला माणूस बाजूला होतो आणि पुन्हा आपल्या लेनमध्ये येतो, तोवर ट्रक आरशात लहान झालेला असतो.

शून्यापासून ताशी १०० ला साडेपाच सेकंदांच्या जरा वर लागतात. आज याहून चपळ गाड्या पुष्कळ आहेत. खरी जादू १०० च्या पुढे आहे, कारण तिथून हवा वैरी होते. जी हवा आत कोंबून ताकद मिळवली, तीच बाहेरून अडवायला उभी असते. वेग दुप्पट केला की हवा कापायला लागणारी शक्ती आठपट होते. ढोबळ हिशेब केला तर ताशी १०० ला एवढ्या आकाराच्या गाडीला हवा बाजूला सारायला जेमतेम १२ अश्वशक्ती पुरते, एका मोटारसायकलची. ताशी २९० ला पावणेतीनशेहून जास्त लागते. म्हणजे ३६० पैकी बहुतेक सगळी शक्ती फक्त वारा ढकलण्यात जाते, उरलेली टायर आणि गिअर खातात, आणि गाडी तिथे थांबते. त्या वेगाला ती सेकंदाला ८० मीटर मागे टाकते. पापणी लवेपर्यंत वीस मीटर. थांबताना ब्रेकला जी ऊर्जा पचवावी लागते ती ताशी १०० च्या मानाने आठपटीहून जास्त.

त्या काळात मोठ्या जर्मन कंपन्यांनी आपल्या दणकट सेडान गाड्यांचा वेग ताशी २५० ला इलेक्ट्रॉनिक लगाम लावून थांबवायला सुरुवात केली होती. अल्पिनाने तो लगाम लावला नाही. पाउल फ्रेर हे बेल्जियन लेखक-चालक, १९६० ची ल मांची शर्यत जिंकलेले आणि पुढे जन्मभर गाड्यांची पारख करत आलेले. त्यांनी ही गाडी चालवल्यावर तिला जगातली सर्वोत्तम चारदारी गाडी म्हटलं. ज्यांनी सगळं चालवून पाहिलं आहे त्यांच्या तोंडून हे आल्यावर वेगाचा आकडा दुय्यम ठरतो.

वळणावर मात्र गाडी आपलं वय दाखवते. स्टिअरिंग जुन्या, गोळ्यांवर फिरणाऱ्या पद्धतीचं. अगदी मध्यावर थोडं सैल, मग वजन घेत जाणारं. मागची चाकं तिरप्या हातांवर टांगलेली. वळणाच्या मध्यात घाबरून अॅक्सिलरेटर सोडला तर मागचा भाग किंचित बाहेर यायला बघतो. आणि त्याच मध्यात भरती आली तर? सगळा जोर मागच्या दोन चाकांवर. घसरती गाडी स्वतःहून सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा बाजारात आलीच १९९५ मध्ये. या गाडीने तिच्याशिवाय दिवस काढले. म्हणून वळणात शिरण्याआधीच वेग कमी करायचा, वळणाच्या पोटात पाय हलका पण स्थिर ठेवायचा, आणि चक्रांना वेग धरायला किती वेळ लागतो ते लक्षात ठेवून तेवढं आधीच पाय खाली न्यायला सुरुवात करायची. हवा वळणाच्या तोंडाशी मागवायची, ती वळण सुटताना पोचते. पाऊस आला, आल्प्सच्या पायथ्याशी तो केव्हाही येतो, की हात खुंटीकडे जातो. ती कमीकडे पिळली की भरती ओसरते आणि गाडी एक मोठी, समजूतदार सेडान होऊन ओल्या रस्त्यावरून चालू लागते. ही खुंटी मिरवण्यासाठी आहे असं मला सुरुवातीला वाटलं होतं. तिचा खरा उपयोग असा पावसात कळतो.

एक गोष्ट जवळून पाहायची राहिली. चाकं. वीस बारीक आऱ्यांची ही चाकं अल्पिनाची ओळखच झाली आहेत. खाली बसून टायरमध्ये हवा भरायचं तोंड शोधा. रिमच्या कडेला ते सापडत नाही. एक आरा आतून पोकळ आहे. मधलं झाकण कुलपाचं आहे. ते उघडलं की तोंड तिथे, चाकाच्या मध्यावर. हवा मध्यातून शिरते आणि आऱ्यातून टायरपर्यंत जाते. चाकाच्या कडेला एक छोटं तोंडसुद्धा वजन म्हणून फिरू नये आणि आऱ्यांची रांग कुठे तुटू नये, एवढ्यासाठी ही मेहनत. गाडी उभी असताना जवळून जाणाऱ्या दहा जणांपैकी नऊ जणांना हे कधी कळणारही नाही.

लांबून धावून आल्यावर लगेच किल्ली फिरवायची नाही. चक्रांची घरं तेव्हा कित्येकशे अंशांवर तापलेली असतात, आणि ज्या तेलावर ती फिरतात ते इंजिन चालू असेपर्यंतच वाहतं. एकदम बंद केलं तर तेल तिथेच साठून करपतं. म्हणून गाडी दारात उभी करून मिनिटभर तसंच बसायचं. सेकंदाला ४० ठोके. चक्रांचा वेग उतरत जातो, धातू निवतो, बॉनेटखालून बारीक टकटक येऊ लागते. मग किल्ली फिरवायची.